पाणी टाकलं तर आग वाढली

आमच्या गावात आग कधी लागत नाही, ती कोणीतरी लावलेली असते. गवताची गंजी पेटली तर कोणाची तरी विडी, दुकान पेटलं तर कोणाचा तरी जळफळाट, आणि बोट दाखवायला माणूसच सापडला नाही तर शॉर्टसर्किट. आगीला याखेरीज चौथं कारण असू शकतं हे आमच्या लोकांना मान्यच नाही. मी पंचवीसेक वर्षं नाशिकला अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते आहे. ज्वलन म्हणजे काय, उष्मादायी अभिक्रिया म्हणजे काय, हे फळ्यावर इतक्या वेळा लिहून झालं आहे की आता खडू आपोआप चालतो. माझ्या सख्ख्या भावाच्या शेतावर आग लागली तेव्हा या सगळ्या शिकवण्याचा किती उपयोग झाला, ते सांगायला बसले आहे. सांगताना अजूनही माझं डोकं तापतं. तापू दे.

माझं माहेर विंचूरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. भावाची द्राक्षबाग आहे. तो माझ्याहून मोठा, म्हणून दादा. बागेच्या कडेला त्याची एक पत्र्याची शेड होती. तिच्यात प्लास्टिकचे क्रेट, सुतळीची बंडलं, रद्दी कागद, रिकामं बारदान आणि औषधांचे डबे असा सगळा पसारा असायचा. छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची टोळी येते. शेडच्या शेजारी ताडपत्रीची पालं टाकून ही माणसं राहतात, तीन दगडांच्या चुली मांडतात, आणि बागेतलं काम उरकलं की पुढच्या गावाला जातात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन आठवडाभर झाला असेल. कॉलेजात दुपारचं प्रॅक्टिकल चालू असताना दादाचा फोन आला.

"शेड जळाली," तो म्हणाला.

"अरे देवा! कोणाला काही लागलं नाही ना? कशानं लागली?"

"कशानं काय विचारते? कोणी लावली ते विचार. टोळीतल्या एका बाईनं चूल तशीच टाकली अन् गेली बागेत. आगलावी मेली."

आगलावी. हा शब्द मी तोवर फक्त भांडण लावणाऱ्या बाईसाठी ऐकला होता. इकडचं तिकडे सांगते, घरात कलागती लावते, ती आगलावी. दादाने तो शब्दशः वापरला, आणि त्याला तो इतका आवडला की फोन ठेवेपर्यंत त्याने तो आणखी तीनदा वापरला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी सकाळच्या बसने गेले.

शेडचे खांब तेवढे उभे होते. पत्रे वाकून खाली आले होते, क्रेट वितळून त्यांचा निळा गोळा झाला होता. एका कोपऱ्यात पांढरा चिखल पसरला होता आणि तो पायाने उकरला तर आतून अजून कोमट वाफ येत होती. दादा गंभीर चेहऱ्याने तलाठ्याबरोबर उभा होता. तलाठी पंचनामा लिहीत होता. कारणाच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.

"शॉर्टसर्किट लिहू का?" त्याने दादाला विचारलं.

"शेडला लाइटच नाही," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. वर आभाळ होतं. "मग अज्ञात लिहितो," तो म्हणाला.

"अज्ञात कशाला? माहीत हाय ना कोण ते," दादा म्हणाला आणि हनुवटीने पालांकडे खूण केली.

ती चूल मी जाऊन पाहिली. शेडपासून आठ-दहा पावलांवर, उघड्यावर. या बायका चुलीवर पाणी ओतत नाहीत. आमच्याकडेही ओतत नाहीत. विस्तव राखेत पुरून ठेवायचा, म्हणजे संध्याकाळी फुंकर मारली की चूल तयार. दादाचं म्हणणं असं, की राखेतला निखारा उघडा पडला, वाऱ्याने उडाला आणि शेडमध्ये जाऊन बारदानावर बसला. पण आदल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला अवकाळी पावसाची जोरदार सर येऊन गेली होती, अर्धा तास. आग दिसली दुपारी बाराला. मी त्या राखेत बोट घातलं. बोटभर चिखल लागला. आतलं अर्धवट जळकं लाकूड ओलंगच्च होतं.

"दादा, या चिखलातून निखारा उडाला?"

"वारा होता ना."

"वारा होता म्हणून चिखल उडाला, आणि उडता उडता वाळून पेटला?"

"तू नाशिकला राहते, तुला काय समजतं इथलं," तो म्हणाला. दादाकडचा हा शेवटचा पत्ता आहे. तो टाकला की पुढे बोलायची सोय नसते.

ज्या बाईवर हे खापर फुटलं होतं ती पालापाशी बसली होती. तिशीची असेल. दोन्ही तळहात ओल्या फडक्यात गुंडाळलेले. टोळीचा मुकादम, जो तिचा चुलतदीर लागत होता, माझ्याशी घाईघाईने बोलायला आला. त्यांनी तिला घरी पाठवायचं ठरवलं होतं. पुढच्या गावच्या बागायतदाराने फोन करून सांगितलं होतं, ती आगलावी बरोबर असेल तर टोळीच आणू नका. एका शेडची गोष्ट एका दिवसात चार गावं फिरली होती. आता तिला कुठल्याही शेताजवळ चूल मांडू देणार नव्हते, आणि जिला चूल मांडता येत नाही ती टोळीबरोबर राहणार कशी? म्हणजे यंदाचं काम गेलं, पुढच्या वर्षीचंही गेलं. मुकादमाला वाईट वाटत होतं, पण एका बाईपायी सगळी टोळी बसवून ठेवायची त्याची तयारी नव्हती.

मी तिच्यासमोर बसले. "काय झालं ते मला सांग," म्हणाले.

तिने आधी मुकादमाकडे पाहिलं. तो नको म्हणून मान हलवत होता. तरी ती बोलली.

"मी चूल झाकूनच गेलते, बाई. आम्ही बागेत व्हतो. धूर दिसला तं मी पळत आले, हंडा घेऊन. पानी टाकलं तं आग वाढली."

"हेच, हेच," दादा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. "कालपासून हेच चालू हाय. पाणी टाकलं तर आग वाढली म्हणे! खोटं बोलायचं तर जरा विचार करून बोलावं ना माणसानं."

"खरंच वाढली," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तडतड करून पांढरं उडाय लागलं. माज्या हातावर उडलं."

मी तिच्या हातावरचं फडकं सोडलं. आगीने भाजलेले हात मी पाहिले आहेत, प्रयोगशाळेत असा प्रसंग दर चार-पाच वर्षांनी येतोच. हे तसं नव्हतं. कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या आणि नखांच्या कडांना पांढरी पूड अजून बसलेली होती. तो चुना होता. माझ्या पायाची आग मस्तकात गेली.

"दादा, शेडमध्ये चुनकळी होती का?"

"होती. दोन गोण्या. का?"

द्राक्षाच्या पानांवर मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण फवारतात, त्यासाठी तो चुना. बाजारात तयार भुकटी मिळते, पण दादाला चुनकळीच लागते, म्हणजे भट्टीतून भाजून निघालेले पांढरे कोरडे खडे. भिजवलेला चुना पानावर चांगला धरतो असं त्याचं मत, आणि ते खरंही असेल. पण चुनकळी म्हणजे काय ते या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. चुनखडीचा दगड भट्टीत टाकतात, तो तापतो, त्यातला वायू निघून जातो आणि चुनकळी उरते. ती पाण्याला टपून बसलेली असते. पाणी मिळालं की भट्टीत घेतलेल्या उष्णतेतला काही वाटा परत टाकते. भरपूर पाणी दिलं तर ही उष्णता पाणी उकळवण्यात खर्च होते आणि फार काही बिघडत नाही. थोडंच पाणी दिलं तर ती उष्णता घ्यायला पाणीच पुरत नाही, खडा तापतच जातो, आणि त्याला टेकून कागद किंवा बारदान असेल तर ते काळं पडून पेटतं. ठिणगी लागत नाही, विडी लागत नाही, बाईही लागत नाही. पत्र्याच्या एका भोकातून टपटप गळणारं पाणी पुरतं. नऊला पाऊस, बाराला आग. मधले तीन तास त्या गोण्या आतल्या आत शिजत होत्या, आणि ही बाई बागेत वेलींची नको असलेली फूट काढत होती.

तिने हंडाभर पाणी टाकलं ते भिजून तापलेल्या चुन्यावर आणि न भिजलेल्या दुसऱ्या गोणीवर. तडतडणार नाही तर काय होईल? तिने जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं होतं. माझ्या वर्गात एखाद्या मुलीने निरीक्षण इतकं नेमकं लिहिलं असतं तर मी वही सगळ्यांना फिरवून दाखवली असती. इथे त्याच निरीक्षणावरून ती खोटारडी ठरली होती. वर दादाचं हेही म्हणणं होतंच, की सगळ्यांच्या आधी हीच कशी पोचली? आपण केलेलं आपल्याला माहीत असतं म्हणून. आग विझवायला जी पहिली धावली तीच आग लावणारी! घरी आल्यावर हे ऐकून मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनीने स्वयंपाकघराच्या दारातून डोकं बाहेर काढलं आणि पुन्हा आत घेतलं.

"अगं, पाण्यानं आग लागती का कुठं?" दादा म्हणाला. "उद्या म्हणशील बर्फानं चटका बसला."

बर्फाने चटका बसतो. पण तो वाद मी घातला नाही, एका दिवसाला एकच पुरे होता.

खरं तर मला माझाही राग येत होता. याच गावची किती मुलं माझ्या हाताखालून गेली. चुनकळीत पाणी टाकल्यास काय होते, एका वाक्यात उत्तर लिहा. एक गुण. सगळ्यांनी तो गुण मिळवला आहे. त्यातला एक तर आदल्या दिवशी बादली घेऊन त्या आगीवर पाणी मारायला आला होता. ते उत्तर आणि शेडमधली ती गोणी या दोन गोष्टी एकच आहेत, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगायला हवं होतं. धुण्याची पावडर ओल्या हातावर घेतली की तळहात गरम लागतो, हिवाळ्यात पहाटे उकिरड्यातून वाफ निघते, कालवलेलं सिमेंट हाताला ऊन लागतं, हे सगळं आमच्या मुलांच्या घरातलं. मी मात्र वर्षानुवर्षं बाण काढून उजवीकडे 'अधिक उष्णता' लिहीत राहिले.

मी ठरवलं, करूनच दाखवायचं. रविवारी सकाळी अंगणात लोखंडी घमेलं मांडलं. शेजारच्या बागायतदाराकडून चुनकळी मागून आणली. तो स्वतःही मोटरसायकलवर आला, बरोबर आणखी दोघं. टोळी आली, मुकादम आला, ती बाई मागे उभी राहिली. सगळ्यांना मी लांब उभं केलं, चष्मा लावला, घमेल्यात चुना ठेवला आणि तोऱ्यात तांब्याभर पाणी ओतलं.

चुना फुटला, उकळला, वाफेचा लोट निघाला. आणि थोड्या वेळाने घमेल्यात पांढरा रबडीसारखा चुना शांत बसून राहिला.

"हे तर आम्ही दर वर्षी ड्रममध्ये करतो, मॅडम," शेजारचा म्हणाला. "उकळतो, खरं हाय. पण पेटला कुठं?"

दादा हसला. टोळीतले दोन-तीन जणही हसले. इतरांना समजावत होते तीच चूक मी स्वतः केली होती, पाणी जास्त ओतलं होतं. घाईपेक्षा त्यात मिजास जास्त होती. मी वळून त्या बाईकडे पाहिलं. ती हसत नव्हती, पण तिने मान खाली घातली होती. तिच्या दृष्टीने निकाल लागून गेला होता.

"थांबा," मी म्हणाले. "अजून झालं नाही."

दुसरं घमेलं आणलं. कोरडं खडखडीत. तळाशी रद्दी कागद, वर बारदानाचा तुकडा, त्यावर चुनकळीचे खडे, आणि खड्यांच्या फटींत काडेपेटीच्या चार काड्या, गूल खाली करून. मग ओंजळीत पाणी घेऊन फक्त शिंपडलं, पूजेला शिंपडतात तेवढंच. काहीच झालं नाही. एक मिनिट गेलं. दादाने घसा खाकरला. मी मनात त्या चुनकळीला म्हणत होते, आता लाज राख बाई, पंचवीस वर्षं तुझे बाण काढले आहेत. मग एक खडा फुटला. बारीक आवाज आला, फुटाणा उडावा तसा. दुसरा फुटला, तिसरा फुटला. वाफ यायला लागली, बारदान करपल्याचा वास आला, कागदाची कड तपकिरी झाली आणि काळी होत आत सरकू लागली. आणि फर्र करून पहिली काडी पेटली, मग दुसरी, मग उरलेल्या दोन्ही एकदम. धूर निघाला आणि घमेल्यात एक छोटी पिवळी ज्योत उभी राहिली.

मुकादम दोन पावलं मागे सरकला.

"काड्या तर तुम्हीच खोवल्या होत्या," शेजारचा शेवटी म्हणाला. माणसाला हार मानायची नसेल तर तो काय वाटेल ते बोलतो.

"हो, आणि पेटवल्या कोणी? कोणाच्या हातात विडी आहे का बघा. आणि हा कागद काळा कशाने झाला?" मी चिमट्याने करपलेलं बारदान उचलून त्याच्या नाकापाशी धरलं. "शेडमध्ये काड्या नव्हत्या, पण चुना होता दोन गोण्या. इथे मूठभर आहे."

हे मात्र लागू पडलं. मुकादमाने कानाची पाळी धरली. दादाने घमेल्यात वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तो शेतकरी आहे, डोळ्यांनी दिसलेलं नाकारणाऱ्यातला नाही.

"बरं," तो म्हणाला. "चुन्यानंच लागली म्हण."

मला इतका आनंद झाला की मी त्या बाईकडे बघून हसलेसुद्धा. तेवढ्यात दादाचं वाक्य पुरं झालं.

"पण चुना तर दर वर्षी असतो. पत्रा दर वर्षी गळतो. कधी पेटला नाही तो. ह्याच वर्षी कसा पेटला? ही ह्याच वर्षी पहिल्यांदा आली. ज्याचा त्याचा पायगुण असतो."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मुकादमानेही! दोन मिनिटांपूर्वी ज्याने कानाची पाळी धरली होती त्यानेही. चूल नाही, विडी नाही, हात नाही, तर मग पाय. तिच्या अंगाचं काहीतरी लागायलाच हवं होतं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की दुसरं घमेलं दादाच्या पायावर उपडं करावं वाटलं. मी तशीच आत गेले, पाणी प्यायला, नाहीतर भलतंच काही बोलून बसले असते.

वहिनी ओट्यापाशी चहाचं आधण ठेवत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "ताई, चुना दर वर्षी शेडमध्ये नसतो."

"मग कुठे असतो?"

"पडवीत. वरच्या फळीवर. यांना कुठलं माहीत? यांना लागतो तेव्हा मी काढून देते."

"मग यंदा शेडमध्ये कसा गेला?"

आता ती वळली. "तुम्हीच सांगितलं ना, दिवाळीत. नात पडवीत खेळत होती. तुम्ही म्हणालात, वहिनी, हा चुना डोळ्यात गेला तर पोरीची नजर जाईल, तो इथून हलवा, लांब ठेवा. मी दुसऱ्याच दिवशी ओढत नेऊन शेडमध्ये ठेवला. पत्रा गळतो ते माहीत होतं मला. पण दिवाळी झाल्यावर कुठला आला पाऊस, असं वाटलं."

मला सगळं आठवलं. पडवीतल्या पाटावर बसून मी छानपैकी दहा मिनिटं भाषण दिलं होतं, चुना डोळ्याला काय करतो, किती वेळ पाण्याने धुवायचा. सगळं बरोबर होतं. नातीच्या डोळ्यांचं सांगितलं आणि चुन्याला ओल लागू देऊ नका हे सांगितलं नाही. एक वाक्य. एक गुण.

"तुम्ही बोलला का नाहीत दोन दिवस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, आणि कोणावर चढला होता ते मलाच नीट कळत नव्हतं. "बाहेर त्या बाईच्या हातचं काम जातंय. तिचे हात बघितलेत?"

"बघितले. फडकं मीच बांधलं." वहिनीचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "काय बोलू, ताई? तुमचं नाव घेऊ? माहेराला आलेल्या नणंदेचं? का माझं घेऊ? माझं घेतलं असतं तर तो शब्द तिच्यावरून उठून माझ्यावर आला असता. ती चार दिवसांनी इथून जाईल. मला इथंच राहायचं आहे."

मला तिचा राग आला आणि तिला काही बोलताही येईना. तिने जे सांगितलं ते खरं होतं. तो शब्द तयारच होता, फक्त कोणत्या तरी बाईवर ठेवायचा बाकी होता.

मी बाहेर गेले. सगळे तिथेच होते, चहाची वाट बघत. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो त्या आवाजात बोलले.

"दादा, चुना दर वर्षी पडवीत फळीवर असतो. या दिवाळीत तो इथून हलवा असं वहिनीला मी सांगितलं. त्याला पाणी लागू देऊ नका हे सांगायला मी विसरले. मला माहीत असून विसरले. तुझी शेड माझ्यामुळे जळली."

मी थांबले. मला काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. मला तो शब्द ऐकायचा होता.

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि तो चक्क हसला.

"एवढंच ना? मग हे आधी नाही का सांगायचं! जाऊ दे. चुकून झालं. तू काय मुद्दाम केलं का?"

"मॅडमनी प्रयोग जरा मोठाच केला म्हणायचा," शेजारचा म्हणाला, आणि सगळं अंगण हसलं.

"म्हण ना," मी दादाला म्हणाले. "दोन दिवस जे म्हणत होतास ते म्हण. आगलावी म्हण मला."

"काहीतरीच काय बोलते," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं. "पोरीच्या डोळ्यांच्या काळजीनं सांगितलं तू. त्यात तुझा काय दोष?"

मुकादमाने तेवढ्यात खिशातून फोन काढला होता. पुढच्या गावच्या बागायतदाराला तो मोठ्या आवाजात सांगत होता, की आमच्या बाईचं काही नव्हतं, शेठच्या बहिणीकडून चुकून झालं, मोठ्या कॉलेजात शिकवतात त्या. पलीकडचा माणूसही हसला असावा, कारण मुकादमही हसला. सगळ्यांनी तिकडे जायचं ठरलं, तिनेसुद्धा. वहिनी चहा घेऊन आली. तिने पहिला कप त्या बाईला दिला, पण तिला तो धरता येईना, म्हणून खाली ठेवला.

ती बाई दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या भावाकडे सरळ बघत होती.

"शेठ," ती म्हणाली, "माज्या हातून चुकून झाली असती, तं?"

दादा कपात फुंकर मारत राहिला. मुकादमाने फोन खिशात ठेवला. शेजाऱ्याने मोटरसायकलची किल्ली शोधायला सुरुवात केली. आणि इतका वेळ तोंडाचा पट्टा चालवणारी मी घमेल्यातलं करपलेलं बारदान चिमट्याने उलटंपालटं करत राहिले.